गोधडी कधी पूर्ण होणार, हे तुम्ही विचारलंत म्हणून

भिशीत विचारतात, हळदीकुंकवाला विचारतात, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेली बाई विचारते. परवा पाण्याची मोटर लावायला खाली उतरले तर समोरच्या भाभींनी तिथेही गाठलं, "झाली का हो ती गोधडी?" पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, की शाळेची नोकरी, सासूबाईंचं दुखणंखुपणं, घरातलं सगळं सांभाळून वेळ कसा काढता. आणि तिसरा, ज्याच्यासाठी पहिले दोन विचारलेले असतात: मग मशीनवर का नाही घालून घेत? उभ्या उभ्या याचं उत्तर देता येत नाही. आज बसून देते.

वेळ मी काढत नाही, तो मधेमधे सापडतो. इंदूरच्या माणसाला हे समजावून सांगायला नको. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, आणि ते आलं की टाकी भरेपर्यंत घरातलं एक माणूस अडकून पडतं. आमच्या घरी ते माणूस मी. (सासूबाई 1978 च्या आधीच्या, म्हणजे नर्मदा शहरात यायच्या आधीच्या गोष्टी सांगतात, तेव्हा एक दिवसाआडचं पाणीसुद्धा श्रीमंती वाटते.) त्या वेळात एक सुई संपते. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत अर्धी. रविवारी सकाळी गच्चीत उजेड चांगला असतो, तेव्हा आठवड्याभराच्या सुया ओवून ठेवते, कारण रात्री ट्यूबलाइटमध्ये मला नेढं दिसत नाही. दोरा हातभरच घ्यायचा, लांब घेतला की गुंता होतो. सुई रिकामी झाली की उठायचं. "आणखी एक" म्हणायचं नाही, नाहीतर भाजी लागते आणि मग घरातल्यांना गोधडीचा राग येतो.

पण सगळंच काम असं तुकड्यांनी होत नाही, आणि हे कुणी सांगत नाही म्हणून बायका मधेच सोडून देतात, असं माझं ठाम मत आहे. अंथरणं आणि टाचणं सलगच करावं लागतं. खाली अस्तर, मधे थर, वर साड्या, सगळं ताणून, सुरकुती न ठेवता, चारी कोपऱ्यांवर डबे ठेवून, पंखा बंद करून. त्याला अख्खी खोली लागते, दुसरं माणूस लागतं आणि मधे दाराची घंटा वाजून चालत नाही. मी ते रंगपंचमीला केलं. त्या दिवशी सारं गाव राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, बघायला लोटतं, शाळेला सुट्टी असते. दिवाण बाहेर काढला, फरशी पुसली, सासूबाईंना खुर्चीत बसवून एक टोक त्यांच्या हातात दिलं. संध्याकाळपर्यंत टाचून झालं. त्यानंतर गोधडी घडी घालून कुठेही नेता येते.

आता "एवढीशीच झाली?" याबद्दल. आमच्याकडे कडेपासून सुरू करून आत आत धावदोरा घालत जातात, फेऱ्या फेऱ्यांनी. गोधडी पाच फूट बाय सात फूट. दोन फेऱ्यांत इंचाचं अंतर धरलं तर मध्यापर्यंत तीस फेरे होतात. पहिला फेरा जवळजवळ चोवीस फुटांचा, शेवटचा जेमतेम दोन-चार फुटांचा. सगळी शिवण मिळून सव्वाचारशे फुटांच्या आसपास. आणि गंमत बघा, तीसपैकी दहा फेरे झाले की त्यातली अर्धी शिवण संपलेली असते! पण तुम्ही उलगडून बघता तेव्हा चारी बाजूंनी वीतभर पट्टा शिवलेला दिसतो आणि मधे मोठं थोरलं कोरं मैदान. म्हणून म्हणता, "अहो, कडाच तर झाल्यात." गणिताची बाई आहे मी, हे हिशेब तोंडी करते. तरी तुमचं ते वाक्य ऐकलं की रात्रभर डोक्यात राहतं.

आता मशीन.

तीन वर्षांपूर्वी मुलीच्या बाळंतपणासाठी मी पुण्याला गेले होते. गोधडी चादरीत गुंडाळून ट्रंकेवर ठेवली होती, दहाबारा फेरे झालेले. दिवाळीच्या तोंडावर परत आले. धाकटी नणंद फराळाचे डबे घेऊन आली होती, तिने मला दिवाणावर बसवलं, डोळे मिटायला लावले आणि मांडीवर गोधडी ठेवली. पूर्ण झालेली. एका रजईवाल्याकडून मशीनवर घालून आणली होती. "वहिनी, सुटलीस एकदाची," म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, इतकी ती खूश होती.

मी उलगडली. वरचा थर माझ्या आईच्या जुन्या सुती माहेश्वरी साड्यांचा आहे. जरीचे काठ मी आधीच काढून ठेवले होते, कारण जर अंगाला टोचते. साध्या सुताचे बुगडी काठ आणि चटई काठ मात्र मुद्दाम ठेवले होते. मधे सासूबाईंचं नऊवारी, त्यातून दोन थर निघाले. अस्तर सासऱ्यांनी आणून ठेवलेल्या मांजरपाटाचं. इथली हुकूमचंद कापड मिल 1991 मध्ये बंद पडली, त्याच्याही आधीचं ते कापड. या सगळ्यावरून, माझ्या फेऱ्यांना आडवं कापत, मशीनच्या सरळ उभ्या रेघा गेल्या होत्या. मशीनचे दाते खालचा थर पुढे ओढतात आणि वरचा मागे राहतो. जुनं, धुऊन धुऊन विरलेलं कापड तर पार मागे राहतं. त्यामुळे आईच्या जांभळ्या साडीला ठिकठिकाणी चुण्या पडून त्या तशाच शिवणीत अडकल्या होत्या. बुगडी काठ एका ठिकाणी दुमडून त्याच्यावरूनच टीप मारलेली.

मी काही बोलले नाही. आभारही मानले नाहीत, ते तोंडातून निघालेच नाहीत. नणंद "आवडली ना?" म्हणत राहिली. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि चहा टाकायला सांगितलं.

दिवाळी झाल्यावर मी उसवायला बसले. मशीनच्या टिपेत वरचा आणि खालचा असे दोन दोरे एकमेकांत अडकलेले असतात. अस्तराच्या बाजूने दर चारपाच टाक्यांना एक टाका कापायचा, मग उलटवून वरचा दोरा हळूच ओढायचा. तो अखंड निघतो. घाईने ओढला की कापड फाटतं. चटई काठाजवळ फाटलंच, तिथे त्याच साडीच्या पदराचं ठिगळ लावलं आहे. माझी शिवण न उसवता मशीनची शिवण उसवायची, म्हणजे प्रत्येक छेदावर थांबून कुठला दोरा कुठला ते बघायचं. त्या हिवाळ्यात एकही नवा टाका पडला नाही. रेघा गेल्या, पण भोकं राहिली. खिडकीसमोर धरली की अजून ओळीने दिसतात. धुतल्यावर कापड मिटेल थोडंफार, पण पूर्ण झाल्याशिवाय धुता येत नाही.

नणंदेला ते कळलं. एके दिवशी ती न सांगता आली, माझ्या मांडीवर गोधडी आणि बाजूला दोऱ्यांचा ढीग. ती म्हणाली, "म्हणजे मी केलं ते उकलतेयस?" मी हो म्हणाले. मग पुष्कळ दिवस ती आली नाही.

नातेवाइकांत त्यानंतर मी हेकट ठरले. माणसापेक्षा चिंधी मोठी झाली, असंही एकजण बोलली. हे मला लागलं आहे आणि अजून लागतं. मशीनशी माझं वैर नाही. माझ्याकडे स्वतःचं मशीन आहे, चौकोनी तुकडे जोडायचं काम मी त्याच्यावरच करते. पण चार थरांतून सुई जाताना बोटाला कळतं की आईची साडी कुठे विरली आहे आणि कुठे अजून दम आहे. विरलेल्या जागी मी टाके जवळ घेते. मशीनला ते कळत नाही. आणि ते रजईवाल्याला सांगणारं त्या दिवशी घरात कुणी नव्हतं.

पण नणंदेची बाजू मलाच जास्त चांगली कळते, ही माझी अडचण आहे. कारण चाळिशीतली मी तिच्यासारखीच बोलायची. तेव्हा वाटायचं, अर्धवट काम म्हणजे घरात बसलेला घेणेकरी. मुलं मोठी झाली की करू, उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकू. सुट्टीत पाहुणे यायचे, पापड-कुरडया व्हायच्या आणि गोधडी तशीच. त्या मीला मी आज सांगते की सुट्टीची वाट बघू नकोस, सुई ओवून ठेव. ती मला उलट विचारते, की मग तुझी तरी कुठे झाली? आई ऐंशी पार आहे. तिच्या अंगावर घालायची आहे ना? मग थंडी काय तुझ्यासाठी थांबते? यावर माझ्याकडे उत्तर नाही. मालव्यातली पौषातली रात्र मला माहीत आहे. आई दोन ब्लँकेटं घेऊन झोपते, तीही दुकानातली. तिच्यासाठी मशीनची शिवण चालली असती का? आईला विचारलं तर ती म्हणते, "तुला हवं तसं कर." हे काही उत्तर नव्हे.

नणंद आता परत येते. आम्ही तो विषय काढत नाही. मागच्या आठवड्यात मात्र तिने स्वतःहून सुनेच्या डोहाळजेवणाचं सांगितलं आणि बाळासाठी छोटी गोधडी करशील का म्हणून विचारलं. तीन फूट बाय तीन फूट, म्हणजे मोठीच्या पावपट शिवण. पण बाळ पौषातच येणार, आणि तोवर आईचीही पुढे न्यायची आहे. मी हो म्हणाले. त्यावर ती पटकन म्हणाली, "मशीनवर केलीस तरी चालेल हं मला." ती कशाने घालायची, हे मी अजून ठरवलेलं नाही. कापड मात्र काढून ठेवलं आहे. त्यात तिचाच लहानपणचा फ्रॉक आहे, सासूबाईंनी जपून ठेवलेला. तो इतका विरला आहे की त्याच्यावर मशीन चालेल की नाही, ते आधी एका कोपऱ्यावर बघावं लागेल.