आमची वाटचाल: गमबूट विकता विकता

सुरुवात भोसरीतल्या एका गाळ्यात झाली. हेल्मेट, गमबूट, हातमोजे विकायचे, आग विझवायचे सिलिंडर भरून द्यायचे आणि पेमेंटसाठी चकरा मारायच्या. प्रशिक्षणाचं काम डोक्यातही नव्हतं. पण सर्व्हिसिंगला गेलं की आम्हीच विकलेले बीए सेट (विषारी वायूत श्वास घेता यावा म्हणून पाठीवर हवेचा सिलिंडर आणि तोंडावर मास्क) कपाटात कुलूपबंद सापडत. सील जसंच्या तसं, किल्ली स्टोअरकीपरच्या खिशात. 'घालायचा कसा ते पोरांना दाखवा ना,' असं एकेक ग्राहक म्हणू लागला आणि फुकटात दाखवता दाखवता तोच धंदा झाला.

मोठ्या प्रमाणावर घातक रसायनं बाळगणाऱ्या कारखान्यांना 1989 च्या नियमांनुसार दर सहा महिन्यांनी मॉक ड्रिल करावंच लागतं. बऱ्याच ठिकाणी ते म्हणजे सायरन, मैदानात हजेरी, चार फोटो. 'फाईलपुरतं उरका' म्हणणाऱ्यांना आम्ही नाही म्हणायला लागलो तेव्हा आमचे सीए जाम वैतागले होते.

पुण्याजवळ सुदुंबऱ्याला एनडीआरएफची बटालियन आहे, अग्निशमन दलही आहे. पण ते पोहोचेपर्यंत जे काही करायचं ते गेटवरच्या वॉचमनने आणि शिफ्टमधल्या ऑपरेटरने. म्हणून आमची पहिली बॅच त्यांची; मॅनेजर लोक नंतर. शिकवणं मराठी-हिंदीत, स्लाइड जवळपास नाहीतच.

त्याऐवजी मैदानात एक भंगारातला, धुऊन साफ केलेला क्लोरीनचा टनर, म्हणजे टनभर क्लोरीन मावणारी आडवी टाकी, आहे. त्यात दाबाची हवा भरतो आणि खालच्या बाजूने 'गळती' सुरू करतो. दहातले आठ जण पाण्याचा पाइप शोधायला धावतात. क्लोरीनच्या गळतीवर पाणी मारलं की ॲसिड तयार होतं, ते धातू खातं आणि भोक मोठं होतं. आधी टनर फिरवून गळती वर आणायची, म्हणजे द्रव बाहेर न पडता नुसता वायू पडतो. एक लिटर द्रवाचा साडेचारशे लिटरच्या आसपास वायू होतो, यावरून फरक कळावा. शिवाय क्लोरीन हवेच्या अडीचपट जड, म्हणून पळायचं ते उंचाकडे आणि वाऱ्याला आडवं. अमोनियाचं गणित निराळं: तिथे हवेतल्या वायूवर पाण्याचा फवारा उपयोगी पडतो, पण साचलेल्या द्रवावर पाणी टाकलं की तो आणखी उकळतो.

बीए सेटचंही तसंच. 6 लिटरचा, 300 बारचा सिलिंडर कागदावर 45 मिनिटांचा. अंगावर सूट, हातात पाना आणि पोटात भीती असली की निम्म्यातच हवा संपत आल्याची शिट्टी वाजते. हे सांगून पटत नाही, म्हणून सेट घालून जिना चढायला लावतो. तरण्याताठ्या पोरांचीही जिरते!

हल्ली टँकर ड्रायव्हरांची बॅच घेतोय. मागच्या पाटीवरचा 1017 म्हणजे क्लोरीन, 1005 म्हणजे अमोनिया, हे निदान आपल्या गाडीपुरतं तरी माहीत हवं. ट्रान्सपोर्टवाले शिकवायला गाडी उभी ठेवत नाहीत, म्हणून लोडिंगच्या रांगेतच शिकवतो. तिथे तसेही ते तासन् तास बसलेले असतात.