चेडरला जाताय? घळ पाहून लगेच परतू नका

मुंबईत चीजच्या पाकिटावर वाचलेलं ‘चेडर’ हे नाव रस्त्याकडेच्या पाटीवर दिसलं आणि आईने ते बसमध्येच मोठ्याने वाचलं. वेस्टन-सुपर-मेअरहून आम्ही 126 नंबरची बस धरली होती. परतीच्या बसची वेळ निघण्याआधीच बघून ठेवा.

इंग्लंडच्या सॉमरसेट परगण्यातलं हे मोठं खेडं, वस्ती सुमारे 6 हजार. बहुतेक लोक इथली ‘चेडर गॉर्ज’ ही खोल घळ पाहून निघून जातात. आम्ही आधी गाव फिरलो. चौकात पंधराव्या शतकातला दगडी मार्केट क्रॉस, म्हणजे बाजाराची खूण म्हणून उभारलेला क्रूस, आहे. दुकानं, वाचनालय, दवाखाना सगळं पायी जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे आईची चिंता नव्हती. इथली गरिबी पाहून गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणारे खासदार विल्यम विल्बरफोर्स अस्वस्थ झाले आणि 1789मध्ये लेखिका हॅना मोर यांनी इथे मुलांसाठी शाळा काढली.

आताच्या किंग्ज ऑफ वेसेक्स शाळेच्या आवारात तर इंग्लंडच्या जुन्या सॅक्सन राजांचा राजवाडा होता! 1960च्या दशकात पुरातत्त्वज्ञ फिलिप राट्झ यांनी तो उत्खननात शोधला. दहाव्या शतकात राजाची सभा इथे भरत असे. आवार शाळेचं आहे, विचारल्याशिवाय आत जाऊ नका.

मग घळ. चुनखडीचे कडे शंभर मीटरहून उंच. गॉफच्या गुहेत 1903मध्ये सुमारे 10 हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा सांगाडा सापडला, तोच ‘चेडर मॅन’. मूळ सांगाडा लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये आहे. 1997मध्ये याच गावातल्या एका इतिहासाच्या शिक्षकांशी त्याच्या आईकडच्या वंशाचा डीएनए जुळला. हे ऐकून आई बराच वेळ गप्प होती. मीही.

कड्यावर नेणाऱ्या ‘जेकब्स लॅडर’ या जिन्याच्या 274 पायऱ्यांना तिकीट लागतं. पण समोरच्या, नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेच्या बाजूने सार्वजनिक पायवाटेने फुकट वर जाता येतं. चढ दमवणारा आहे आणि पावसात दगड फार निसरडे होतात. चांगले बूट हवेतच. गुडघे दुखत असतील तर खालच्या रस्त्यानेच फिरा.

चीज कसं करतात ते घळीतल्या कारखान्यात काचेतून दिसतं. निवळी काढून टाकल्यावर दह्यासारख्या घट्ट गोळ्याच्या लाद्या कापतात, एकमेकींवर रचतात, पुन्हा पुन्हा उलटतात. यालाच ‘चेडरिंग’ म्हणतात. काही चीज गुहेतच मुरवलं जातं. तेच घ्या, चव खरंच वेगळी आहे. मात्र शाकाहारी असाल तर रेनेट (दूध घट्ट करणारं द्रव्य) कोणतं वापरलंय ते लेबलवर वाचा किंवा सरळ विचारा. काही चेडरमध्ये ते वासराच्या जठरातलं असतं.

पुढच्या वेळी सायकलने जायचं ठरवलंय. जुन्या रेल्वेने इथल्या स्ट्रॉबेरी बाहेर जात. 1963मध्ये प्रवासी गाड्या बंद झाल्या आणि आता याटन स्टेशनपासून चेडरपर्यंत सुमारे 16 किलोमीटरची ‘स्ट्रॉबेरी लाइन’ सायकलवाट आहे. वाटेत बोगदा लागतो, दिवा जवळ ठेवा.