राग नाहीच आहे तो

आई काल दारात उभी राहून विचारत होती, "तुला एवढा राग कशाचा येतो गं?" मी लॅपटॉपवर 'जेन डो' नावाचा अल्बम लावला होता, आवाज तसा बारीकच होता पण आमच्या भिंती म्हणजे काय सांगायचं. चिडून नाही विचारलं तिने, ताप आलाय का विचारतात ना तसं विचारलं. मी म्हणलं काही नाही गं, गाणी आहेत. ती गेली, पण ते वाक्य तेव्हापासून डोक्यात अडकून बसलंय.

राग? मला खरंच राग येत होता का ऐकताना? आठवून बघितलं तर नाही. उलट दिवसभरात तेवढाच वेळ मी शांत होते.

मग आज ऑफिसातून येताना परत पूर्ण ऐकला, नीट लक्ष देऊन. कन्व्हर्ज ही मॅसॅच्युसेट्समधल्या सेलमची बँड, १९९० पासून वाजवतायत, आणि हा अल्बम सप्टेंबर २००१ चा. त्यांचं संगीत मेटॅलिक हार्डकोर, म्हणजे हार्डकोर पंकचा वेग नि घाई, आणि त्यावर मेटलच्या जड गिटारी. पहिलं गाणं दीड मिनिटसुद्धा नाही. सुरुवात वगैरे काही नाही, बटण दाबलं की थेट अंगावर. जेकब बॅनन गातो म्हणायचं पण शब्द एक कळत नाही, आणि शब्द छापलेले आहेत ते समोर धरून ऐकलं तरी जुळत नाहीत, कागदावर बरंच काही असतं आणि कानावर त्यातलं थोडंसंच येतं, बाकीचं सगळं किंचाळण्यात गेलेलं. मला हे फार खरं वाटतं. लिहिताना माणूस सगळं लिहितो. बोलायची वेळ आली की घशातून तेवढंच निघतं.

आणि विषय काय तर एक नातं तुटलंय. बस. अख्खा अल्बम त्याच्यावर. म्हणजे जगाला जो राग वाटतो तो एका माणसाचा रडण्याचा आवाज आहे.

आमच्याकडे रडायची पण पद्धत आहे ना, हळू, बाथरूममध्ये, नळ सोडून. केदारचं सगळं झालं तेव्हा ताई म्हणाली बरं झालं वेळीच कळलं, मामी म्हणाली नशीब साखरपुड्याच्या आधीच झालं, मन्या पण म्हणाला सोड ना यार. सगळे माझ्या बाजूनेच बोलत होते आणि मी सगळ्यांना हो हो म्हणत होते, पाडव्याला पुरणपोळ्या वाढत होते, फोटोत हसले पण. पण वाईट झालं, असं एकानेही म्हणलं नाही. एकानेही. पुढचं काय, पुढचं काय, सगळ्यांना पुढचंच पडलेलं. बाबा तर... जाऊदे, बाबांचं आज नको.

हा अल्बम पुढचं काय विचारत नाही. वाईट झालं, एवढंच म्हणतो, आणि म्हणतच राहतो. म्हणून शांत वाटत असेल का? माझ्या वाटचं दुसरं कोणीतरी ओरडतंय म्हणून?

पण एवढंच असतं तर कुठलाही आरडाओरडा चालला असता, आणि तो नाही चालत. मध्ये फिनिक्स पक्ष्याच्या नावाची लागोपाठ दोन गाणी आहेत, पहिलं संथ, जवळजवळ तरंगणारं, आणि ते संपतंय तोवर दुसरं, फक्त ४२ सेकंदांचं, ड्रम आणि किंचाळी, बस. आज बसमध्ये ती ४२ सेकंदं मी परत परत लावली आणि लक्षात आलं की त्यांचा ड्रमर बेन कोलर केवढा नेमका वाजवतोय. त्या सगळ्या पडझडीत एक ठोका इकडचा तिकडे नाही आणि थांबायचं तिथे सगळे एकदम थांबतात, कापल्यासारखे. रागाने बेभान झालेला माणूस असा थांबू शकत नाही. हे बसवलेलं आहे, किती वेळा घासून घासून. कर्ट बॅलू, त्यांचा गिटारिस्ट, स्वतः रेकॉर्डिंग करणारा माणूस आहे, स्वतःचा स्टुडिओ असलेला, आणि कव्हरवरचा तो बाईचा चेहरा बॅननने स्वतः केलाय. म्हणजे दुःख झालं, आणि त्याचं काम केलं त्यांनी. रोज जाऊन करतात तसं काम.

२०१६ मध्ये हॉलंडला टिलबर्गच्या रोडबर्न फेस्टिवलमध्ये त्यांनी हा आख्खा अल्बम स्टेजवर वाजवला, त्याचं रेकॉर्डिंग पण आहे. पंधरा वर्षांनी! बॅनन तेव्हा चाळिशीला आलेला. त्याला अजून तेवढंच दुखत असेल असं मला वाटत नाही, पण घसा तेवढाच फाडतो. आधी मला हे भयंकर वाटलं होतं, की बापरे, पंधरा वर्षं हेच? आज नाही वाटलं. ते दुखणं आता त्याच्या ताब्यात आहे, तो काढतो, वाजवतो, परत ठेवून देतो. मला एवढं जमलं तरी पुष्कळ आहे. जायलाच पाहिजे असं काही नाही, राहू दे एका बाजूला.

केदारचं लग्न डिसेंबरात आहे असं कळलं. ठीक आहे.

शेवटचं गाणं, अल्बमच्याच नावाचं, अकरा मिनिटांच्या वर आहे आणि ते कानात खुपसून ऐकायचं गाणं नाहीये, ते खोलीत भरायला लागतं. मन्याकडे ते मोठे स्पीकर आहेत, रविवारी तिकडे जाणारे. अकरा मिनिटं कोणी बोलायचं नाही, त्याला आत्ताच मेसेज करून ठेवते.