पाठ खरवडलेलं धनुष्य

डिचोलीत माझं ड्रेपरीचं, म्हणजे नाटकाचं सामान भाड्यानं द्यायचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढली खोली. मुकुट, गदा, दाढ्या, शेले आणि पावसाळ्यात या सगळ्याला येणारा कुबट वास. गोव्यात गावोगावच्या उत्सवांत अजून देवळापुढं मराठी नाटक होतं, म्हणून धंदा चालतो. माझ्याकडची धनुष्यं नेहमी वेताची असायची. वेत वाकवायचा, दोरी बांधायची, वर बेगड चिकटवायची. ती खरोखर कुणी ओढत नसे. राम धनुष्य घेऊन उभा राहायचा, बाकीचं काम पेटीवाला आणि तबलजी करायचे.

त्या चैत्रात एका गावच्या मंडळाला खरी धनुष्यं हवी होती. रामानं बाण सोडायचा, टोकाला चिंध्यांचा बोळा, आणि बाण अडवायला विंगेत गोधडी टांगायची, असा बेत. गावातल्याच एका म्हाताऱ्या मेस्तांनी, म्हणजे सुतारांनी, सात धनुष्यं करून दिली होती. माणग्याची. माणगा हा आमच्याकडचा जवळपास भरीव बांबू. तो वर्षभर माळ्यावर वाळवून, उभा चिरून, साडेचार फुटांच्या कामट्या काढलेल्या. मधोमध फणसाच्या लाकडाची पिवळीधमक मूठ. मंडळवाले ती माझ्यापुढं ठेवून म्हणाले, "झगमगली पाहिजेत. सातांचे मिळून 1500 देऊ."

1500 रुपयांत झगमगाट करणं हेच तर माझं काम. शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेले आणि 10 रुपये मीटरची सोनेरी लेस, कुंदनाची पाकिटं, टिकल्या, बेगड, पितळी घुंगरं घेऊन आले. माणग्याच्या तुकतुकीत पाठीवर ग्लू गनचा डिंक धरेना. म्हणून पहिल्या धनुष्याची पाठ काचेच्या तुकड्यानं खरवडली, वर पॉलिश पेपर मारला. मग झकास धरलं. उरलेल्या सहांना मात्र कंटाळा केला आणि खरवडण्याऐवजी डिंकच दुप्पट घातला. आयुष्यात माझा कंटाळा इतका कामी कधी आला नव्हता.

नाटकाच्या दिवशी दुपारी तीनला रंगीत तालीम. रामानं धनुष्य उचललं, सगळे "वा!" म्हणाले. मग त्यानं दोरी ओढली. आधी बारीक कडकड ऐकू आली. पाठीवरची बेगड आडवी आडवी फाटत गेली, पोटाकडची लेस गोळा होऊन फुगली, आणि एक कुंदन सुटून लक्ष्मणाच्या गालावर बसला. पोरं खो खो हसली. तेवढ्यात दुसऱ्यानं नुसतीच दोरी ओढून सोडली, टणत्कार कसा होतो बघायला.

"बाण नाही तर दोरी सोडायची नाही!" मागून मेस्तांचा आवाज आला. कधी येऊन उभे राहिले होते कोण जाणे. "बाण असला की जोर बाण घेऊन जातो. नाही तर तो सगळा लाकडातच राहतो. मोडेल."

मग ते माझ्याकडे वळले. ओरडतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "बाय, इकडे ये. हात लाव."

त्यांनी धनुष्य हळूहळू ओढलं, इंच इंच, आणि माझा अंगठा त्यावर फिरवायला लावला. मुठीत काहीच हालचाल नाही. टोकाच्या चार बोटांतही नाही. मधला भाग मात्र बोटाखाली जिवंत असल्यासारखा. समोरची बाजू ताणली जाते ती पाठ, आपल्याकडची दाबली जाते ते पोट. पाठीवर चिकटवलेलं फाटणार, पोटावर चिकटवलेलं चुरगळणार. वीस वर्षं मी धनुष्यं विकतेय, भाड्यानं देतेय, आणि धनुष्याला पाठ-पोट असतं हे त्या दिवशी कळलं.

टोकांची घुंगरं त्यांनी स्वतःच कापून टाकली. टोक जड झालं की बाण मेल्यासारखा जातो म्हणे.

मग त्यांच्या हाती ते पहिलं धनुष्य आलं. लेस थोडी उचकटून त्यांनी नखानं पाठ चाचपली आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. बांबूचा जोर सालीलगतच्या दाट धाग्यांत असतो. मेस्त तासतात ते फक्त आतून, पोटाकडून. भिंतीतल्या खुंटीवर धनुष्य अडकवायचं, दोरी खाली ओढायची, मुठीच्या दोन्ही बाजू सारख्या वाकतात का बघायचं, जिथं ताठ दिसेल तिथं एक-दोन पापुद्रे काढायचे, पुन्हा अडकवायचं. असं दोन-दोन दिवस एकेका धनुष्याला. आणि मी त्याच पाठीवर काच फिरवली होती.

"हे कुणी ओढायचं नाही," एवढंच म्हणाले, आणि त्याची दोरी उतरवून बाजूला ठेवलं.

पडदा दहाला होता. हाताशी सहा तास आणि सहा धनुष्यं. दुकान अर्ध्या तासावर. शेवटी अक्कल कामी आली ती शिवणकामातली. सरळ कापलेलं कापड ताणत नाही, उरेब, म्हणजे तिरकं कापलेलं ताणतं. गावातल्याच दोन बायकांनी जुन्या साड्यांचं जरीचं कापड काढून दिलं, त्याच्या मी बोटभर रुंदीच्या उरेब पट्ट्या कापल्या. डिंकाऐवजी सायकलच्या दुकानातलं पंक्चरचं सोल्यूशन आणलं, ते वाळल्यावरही रबरासारखं लवचीक राहतं. पट्टी सगळीकडे नाही, अंतर सोडून तिरकी गुंडाळलेली. मधली जागा उघडीच. माणग्याचा पिकलेला पिवळा रंग आणि पेरांच्या रेघा इतक्या देखण्या असतात की त्या झाकायचं मला मुळात सुचलंच कसं?

उरलेली हौस मुठीवर भागवली. तिथं काही वाकत नाही, म्हणून काथ्या गुंडाळला, वर लाल रेशमाचा गोफ, कुंदनांची एक ओळ. टोकांना नुसता जाड शिवणदोरा, लाल आणि हिरवा.

कुंकळ्ळीच्या चिताऱ्यांसारखं लाखेचं काम करता आलं असतं तर, असं मनात येऊन गेलं. पण लाखही ठिसूळच. मुठीवर शोभली असती, पुढं तडकली असती. बेगडीचं म्हणाल तर तिचा दोष नाही. पेट्रोमॅक्सच्या दिव्यात, ताठ उभ्या मुकुटावर तिनं पिढ्यानपिढ्या सोनं दाखवलं आहे. उगाच तिच्या नावावरून 'बेगडी' म्हणून शिवी झाली.

साडेनऊला शेवटचं धनुष्य दिलं तेव्हा माझ्या बोटांची सोल्यूशननं एकमेकांना गाठ पडली होती. राहिलं ते खरवडलेलं. त्याच्यावर तीन रात्रींचं सगळं वैभव शाबूत होतं, कारण ते कुणी ओढलंच नव्हतं. मेस्तांनी त्याला सैल दोरी लावली आणि जनकाच्या दारावरच्या पहारेकऱ्याच्या हातात दिलं. त्याला दोन अंक नुसतं उभं राहायचं होतं.

रामाचा बाण गोधडीत जाऊन बसला. धप्प असा आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत गेला, आणि क्षणभर पेटीवालाही थांबला. तीनला पडदा पडला. मेस्त विंगेत पाटावर बसून एकेका धनुष्याची दोरी उतरवत होते, रात्रभर चढवलेली ठेवली तर लाकूड वाकडंच राहतं म्हणून. प्रत्येकाच्या पोटावरून बोट फिरवायचे, मग पुढचं. सहावं त्यांनी माझ्या हातात दिलं, "तू उतरव." दोन वेळा चुकले, तिसऱ्यांदा जमलं.

बाहेर मंडपात गर्दी होती ती पहारेकऱ्याभोवती. प्रत्येकाला त्या चमचमत्या धनुष्याबरोबर फोटो काढायचा होता.

गेल्या आठवड्यात मंडळाचा फोन आला. यंदा सातही धनुष्यं "त्या दारावरच्यासारखी" करून द्या म्हणाले. मेस्तांना मी अजून सांगितलेलं नाही.