दोन रात्री सांगितल्या, पाच आठवडे लागले

"दोन रात्री झोपायचं, एक गोळी घ्यायची आणि पैसे घेऊन घरी जायचं," असं औषधाच्या चाचणीसाठी माणसं गोळा करणाऱ्या एजंटने फोनवर सांगितलं होतं. प्रत्यक्षात गोळ्या दोन निघाल्या, त्याही दोन आठवड्यांच्या अंतराने. रात्री चार. शिवाय आधीची तपासणी, नंतर नुसतं रक्त द्यायला चार हेलपाटे आणि शेवटची तपासणी वेगळीच. पहिल्या दिवसापासून शेवटचा हप्ता हातात पडेपर्यंत पाच आठवडे गेले. चीड याची आली, की हे सगळं संमतीपत्रात स्वच्छ लिहिलेलं होतं आणि मी एजंटच्या भरवशावर वरवर चाळून सही केली. संमतीपत्र घरी आणा, एक रात्र घालवा त्याच्यावर. सहीची घाई करत असतील तर सरळ उठून या.

आमची चाचणी बायोइक्विव्हॅलन्सची होती. म्हणजे औषध जुनंच, गोळी दुसऱ्या कंपनीची. ती मूळ गोळीइतकीच आणि तितक्याच वेगाने रक्तात उतरते का, एवढं बघायचं. एकदा ही गोळी, एकदा ती, आणि पहिलीचा अंश अंगात उरू नये म्हणून मध्ये खंड. ईसीजी, रक्तदाब, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी एवढ्यातून पार झालात तर शरीराला हे सहसा झेपतं. गोळीने मला काहीही झालं नाही.

त्रास झाला तो गोळीनंतरच्या पहिल्या चार तासांत. त्याबद्दल कोणीच आधी बोललं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितो.

रात्रभर किमान 10 तास उपाशी. सकाळी हातात कॅन्युला, म्हणजे पुन्हा पुन्हा रक्त काढायला शिरेत बसवून ठेवलेली बारीक नळी, गोळीआधीचं पहिलं रक्त, मग मोजून 240 मिली पाण्याबरोबर गोळी. तोंड उघडून, जीभ वर करून दाखवायची. गोळीच्या आधी आणि नंतर एकेक तास पाण्याचा थेंब नाही, पुढचे चार तास अन्न नाही आणि आडवंही व्हायचं नाही. पहिले दोन तास दर 15 मिनिटांनी रक्त, मग दर अर्ध्या तासाने. चार तासांत तेरा नळ्या. सिस्टर घड्याळाकडे बघत आपल्या पलंगापाशी येऊन उभ्या राहतात आणि मिनिटावर रक्त ओढतात, कारण औषध रक्तात सगळ्यात जास्त कधी आणि किती चढलं ते याच नमुन्यांवरून कळतं.

माझी कॅन्युला 45 मिनिटांच्या नळीला बंद पडली. सलाईन सोडून बघितलं, हात झटकला, मूठ आवळली, रक्त येईना. वेळ टळू नये म्हणून दुसऱ्या हाताला सरळ सुई. पुढची नळीही तशीच. तिसऱ्या वेळी शीर सापडेना. घसा कोरडा, पोट रिकामं, डोळ्यांपुढे अंधारी आली. मग नवी कॅन्युला कोपरापासून खाली, मनगटाकडे बसवली आणि ती संध्याकाळपर्यंत टिकली. पहिली कोपराच्या घडीत होती, हात वाकला की नळी दुमडायची. तेव्हा बसवतानाच स्पष्ट सांगा: घडीत नको, आणि ज्या हाताने लिहिता त्या हाताला नको. आदल्या रात्री आणि सकाळी परवानगी असेल तोवर भरपूर पाणी प्या. ढगळ बाह्यांचा शर्ट आणि अंगावर घ्यायला काहीतरी उबदार न्या; हात गार पडले की शिरा बसतात. दुसऱ्या खेपेला मी हे सगळं केलं आणि एकही जादा सुई लागली नाही.

रक्त किती जातं ही भीती मात्र सोडा. दोन्ही खेपा मिळून 44 नळ्या, प्रत्येकी 5 मिली, म्हणजे 220. तपासण्यांचं धरूनही एका रक्तदानापेक्षा कमी.

आता पैसे. पहिल्या खेपेनंतर एकूण रकमेचा जेमतेम पाचवा हिस्सा दिला, बाकी शेवटच्या तपासणीनंतर. मध्येच सोडलं तर उरलेलं बुडेल, असं एजंट दमात सांगत होता. ते खोटं आहे. चाचण्यांसाठीचे आंतरराष्ट्रीय जीसीपी नियम सांगतात, की मोबदला सहभागाच्या प्रमाणात द्यायचा, पूर्ण करण्यावर सगळाच अडवून ठेवायचा नाही. आणि कारण न देता कधीही बाहेर पडता येतं. कोणी अडवलं तर संमतीपत्रावर एथिक्स कमिटीचा, म्हणजे सहभागींच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या समितीचा, नंबर असतो, तिथे फोन करा. मी केला. दोन दिवसांत एजंटचा सूर बदलला.

हा अनुभव फक्त जुन्या औषधाच्या चाचणीचा आहे. माणसाला पहिल्यांदाच दिलं जाणारं औषध असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. 2006 साली लंडनमध्ये टीजीएन 1412 हे औषध सहा निरोगी तरुणांना काही मिनिटांच्या अंतराने एकामागून एक दिलं आणि सहाही जण अतिदक्षता विभागात गेले. तेव्हा आधी एकालाच देऊन थांबणार आहात का, किती वेळ थांबणार, आणि काही झालं तर उपचार व भरपाई कोणाची, हे विचारा आणि कागदावर दाखवायला सांगा.

शेजारच्या पलंगावरच्या मुलाच्या कोपराजवळ सुईचा पिवळा पडलेला जुना डाग होता. थोड्याच दिवसांपूर्वी दुसरीकडे गोळी घेऊन आला होता, तपासणीत लपवून. असं कदापि करू नका. दोन औषधं अंगात एकत्र आली तर काय होईल हे समोरच्या डॉक्टरलाही सांगता येणार नाही, कारण त्याला एकच माहीत आहे.

मी पुन्हा जाईन का? जुन्या औषधाला, थेट केंद्रात नाव नोंदवून, हो. एजंटमार्फत कधीच नाही.