इंजेक्शन घ्यायच्या आधी एलएच बघा

पंचविशी-तिशीतल्या माणसाच्या रिपोर्टवर टेस्टोस्टेरॉन २४० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर दिसलं की पहिला विचार इंजेक्शनचा येतो. थकवा आहे, लैंगिक इच्छा कमी झाली आहे, आकडा कमी आहे, मग भरून काढू. साठीच्या माणसाला हा हिशोब बऱ्याचदा चालतो. ज्याला पुढे मूल हवं आहे, त्याला तो महागात पडू शकतो.

बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूला वाटतं, भरपूर आहे. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच (वृषणाला टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणारं) आणि एफएसएच (शुक्राणू तयार व्हायला मदत करणारं) ही दोन्ही संप्रेरकं सोडणं थांबवते. रक्तातला आकडा छान वाढतो, पण वृषणाच्या आतलं टेस्टोस्टेरॉन, जे एरवी रक्तापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असतं, ते कोसळतं. शुक्राणू तयार व्हायला तेच लागतं. काही महिन्यांत संख्या शून्यावर येऊ शकते. म्हणून मूल हवं असणाऱ्या पुरुषाला टेस्टोस्टेरॉन द्यायचं नाही, हा नियम आहे. जेल लावलं तरी तोच परिणाम, त्यात सूट नाही.

आधी तो आकडा खरा आहे का ते ठरवा. रक्त सकाळी १० च्या आत, उपाशीपोटी, आणि दोन वेगवेगळ्या दिवशी द्यायचं. दुपारी दिलेल्या नमुन्यात किंवा ताप येऊन गेल्यावर लगेच आकडा कमी येतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर काही यंत्रं चुकीचं मोजतात, तेव्हा त्या दोन-तीन दिवस आधी बंद ठेवा आणि लॅबला सांगा. साधारण ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली दोनदा आलं, आणि लक्षणंही आहेत, तरच पुढे जायचं. वजन जास्त असेल तर एसएचबीजी हे वाहक प्रथिन कमी असतं. त्यामुळे एकूण आकडा कमी दिसतो, पण मोकळं, म्हणजे या प्रथिनाला न चिकटलेलं, टेस्टोस्टेरॉन ठीक असू शकतं. एसएचबीजीसुद्धा मोजून घ्या.

दुसऱ्या नमुन्याबरोबर एलएच, एफएसएच आणि प्रोलॅक्टिन (पिट्युटरीचंच आणखी एक संप्रेरक) मागा. खरा फाटा इथे फुटतो. एलएच जास्त म्हणजे मेंदू ओरडतो आहे पण वृषण ऐकत नाहीत. एलएच कमी किंवा नुसतं 'नॉर्मल' म्हणजे हुकूमच नीट निघत नाही. टेस्टोस्टेरॉन पडलेलं असताना एलएच वर जायला हवं होतं, म्हणून ते 'नॉर्मल' फसवं असतं. अंगावरच्या तपासणीत डॉक्टर मण्यांच्या माळेशी वृषणं ताडून बघतात. १ पासून २५ मिलिलिटरपर्यंतचे मणी असतात. ४-५ च्या मण्याशी जुळणारी घट्ट वृषणं आणि चढलेलं एलएच असेल, तर क्लाइनफेल्टरसाठी (जन्मतः एक एक्स गुणसूत्र जास्त असणं) गुणसूत्रांची तपासणी हवीच. ही तपासणी फार वेळा राहून जाते. प्रोलॅक्टिन बरंच वाढलेलं असेल तर तिथे गाठ आहे का ते बघायला पिट्युटरीचा एमआरआय करतात. ती गाठ बहुधा कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीच आटोक्यात येते आणि टेस्टोस्टेरॉन आपोआप सावरतं.

एलएच कमी असणाऱ्यांत पोटाची चरबी, झोपेत श्वास अडकणं, अफूवर्गीय वेदनाशामकं आणि जिममधले स्टेरॉइड ही कारणं आधी शोधा. वजन उतरलं की आकडा चढतो, आणि शुक्राणूंना धक्का लागत नाही.

तेवढ्यावर भागलं नाही तर क्लोमिफीन. या वापरासाठी ती अधिकृत मान्यता नसलेली गोळी आहे, पण तज्ज्ञ वर्षानुवर्षं देत आले आहेत. मेंदूला इस्ट्रोजेन 'दिसू' देत नाही, म्हणून पिट्युटरी जोरात कामाला लागते. सुरुवात २५ मिलिग्रॅम, रोज किंवा दिवसाआड. चार ते सहा आठवड्यांनी टेस्टोस्टेरॉन आणि इस्ट्राडिओल (इस्ट्रोजेनचाच एक प्रकार) बघायचं. नजर धूसर झाली किंवा चमकणारे ठिपके दिसले तर गोळी थांबवून लगेच कळवा. आकडा सुधारूनही इच्छा तशीच राहिली, असंही होतं. एलएच आधीच चढलेलं असेल तर क्लोमिफीनचा उपयोग नाही.

पिट्युटरीच काम करत नसेल तर एचसीजी हे संप्रेरकाचं इंजेक्शन, जे एलएचची जागा घेतं. साधारण १,५०० ते २,००० युनिट, आठवड्यातून दोन-तीनदा, त्वचेखाली. पूड मिसळल्यावर कुपी फ्रिजमध्ये ठेवायची. छाती दुखायला किंवा फुगायला लागली तर इस्ट्राडिओल वाढलं आहे, मात्रा तपासून घ्या. शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने लागतात, म्हणून महिन्याभरात वीर्य तपासून निराश होऊ नका. सहा महिन्यांनीही काहीच दिसलं नाही तर एफएसएचची जोड देतात.

वृषणंच निकामी असतील तेव्हा मात्र टेस्टोस्टेरॉनच लागतं. सुरू करण्यापूर्वी वीर्य तपासा आणि शुक्राणू असतील तर गोठवून ठेवा. क्लाइनफेल्टरमध्ये वीर्यात काही नसलं तरी सूक्ष्मदर्शकाखाली वृषणातून शोधता येतात, पण तेही आधीच करायचं. नंतर हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) तीन ते सहा महिन्यांनी आणि पुढे दरवर्षी तपासायचं. ५४ टक्क्यांच्या वर गेलं की औषध थांबवायचं. जेल लावलेली त्वचा कोरडी झाल्यावर कपड्याखाली झाका आणि हात धुवा, कारण लहान मुलाच्या अंगाला ते लागलं तर त्याला अकाली केस यायला लागतात.

ज्यांनी इंजेक्शनं आधीच घेतली आहेत, त्यांनी आपल्या मनाने अचानक सोडू नयेत. तज्ज्ञ ती बंद करून एचसीजी, बहुधा क्लोमिफीनसह, देतात. शुक्राणू परत यायला सहा महिने ते वर्ष लागतं, कधी दोन वर्षंही. या काळात दर तीन महिन्यांनी वीर्य तपासत राहायचं.