जुना असिस्टंट जाणार, पण अलार्मचं काय?

बोलून सांगितलेलं काम करणारे व्हॉइस असिस्टंट एकेक करून आले: ॲपलची सिरी आली २०११ ला, आयफोन ४एस बरोबर, मग २०१४ ला ॲमेझॉनची अलेक्सा, २०१६ ला गूगल असिस्टंट, आणि मार्च २०२५ मध्ये गूगलने जाहीरच करून टाकलं की फोनवर असिस्टंटच्या जागी जेमिनाय, म्हणजे त्यांचा एआय चॅटबॉट, येणार. मला हा बदल मनापासून हवा होता. जुन्या असिस्टंटचं काम कसं चालायचं तर तुमचं वाक्य ऐकायचं, ते आधीच ठरवून ठेवलेल्या कामांपैकी कशात बसतं ते बघायचं, त्यातून वेळ किंवा नाव उचलायचं आणि काम करायचं, नाही बसलं की "हे मला समजलं नाही" किंवा सरळ वेब सर्च. "सहाचा अलार्म लाव, नको, साडेसहाचा लाव" असं आपण बोलतोच ना, तिथेच गाडी अडायची. नवीन चॅटबॉटला हे सहज कळतं, मागचं बोलणंही लक्षात राहतं.

पण एक गोष्ट मला खरंच खटकते. या चॅटबॉटच्या मागे असलेलं लँग्वेज मॉडेल पुढचा शब्द कुठला येईल याचा अंदाज बांधत उत्तर तयार करतं, त्यामुळे "अलार्म लावला" हे वाक्य ते न लावताही लिहू शकतं, खरा अलार्म लागायला मॉडेलने घड्याळाच्या ॲपला नीट कमांड द्यायला हवी. आणि मोठी मॉडेल्स फोनमध्ये नाही, तर कंपनीच्या सर्व्हरवर चालतात, म्हणजे नेट गेलं की संपलं. ज्यांना नीट दिसत नाही, हात चालत नाहीत, त्यांचा तर सगळा फोनच आवाजावर चालतो हो! अलार्म, कॉल, टायमर एवढं तरी फोनमध्येच, नेटशिवाय चालू द्या, मग खुशाल बदला बाकीचं.